इस्लामी संस्कृतीचे ऑनलाइन कोश: कोकणातल्या वाचकाला कोणता उपयोगी?

लायडनच्या ब्रिल प्रकाशनाचा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ इस्लाम’ हा या विषयातला सगळ्यात मानाचा कोश. प्रबंधाच्या संदर्भसूचीत तो नसला तर मार्गदर्शक लगेच विचारतात. तरीही चौल, दाभोळ, जंजिरा किंवा कोकणी मुसलमान समाज यांच्याबद्दल काही शोधायचं असेल तर सुरुवात त्याच्यापासून करू नये. छोट्या वाचनालयाने तर तो विकत घेण्याच्या फंदात पडूच नये. फुकट मिळणारे तीन-चार स्रोत आधी नीट वापरावेत आणि ब्रिलचा कोश त्यांच्यानंतर, मोजक्या नोंदींसाठी, दुसऱ्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात बसून पाहावा. हे मत कशावरून झालं ते पुढे सविस्तर मांडलं आहे.

कोश पारखायचा तर त्याला बगदाद-कैरोबद्दल विचारून भागत नाही. त्यावर सगळेच चांगलं लिहितात. म्हणून किनाऱ्यावरचे तीन प्रश्न घेतले. पहिला: हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, अरब प्रवासी अल-मसऊदी चौलला आला तेव्हा तिथली मुसलमान वस्ती कशी होती? दुसरा: घाटावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी असताना कोकणी मुसलमान शाफई कसे? (हनफी आणि शाफई हे सुन्नी धर्मकायद्याचे दोन मजहब, म्हणजे संप्रदाय.) तिसरा: १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर नेलेल्या मोर्चापासून २२ ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत तोंडी तलाकविरोधी चळवळ कशी गेली? तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत. त्यामुळे कोण कुठे कमी पडतं ते नेमकं दिसतं.

ब्रिलपासून सुरुवात करू. या कोशाच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्ही एकाच संकेतस्थळावर शेजारीशेजारी दिसतात, तिथेच पहिली गफलत होते. पहिली आवृत्ती १९१३ ते १९३६ मधली. दुसऱ्या आवृत्तीचा पहिला खंड १९६० चा आणि बारावा, पुरवणीचा, २००४ चा. तिसरी २००७ पासून येते आहे आणि अजून पूर्ण झालेली नाही. तिसरीत नोंद नसली म्हणजे विषयच नाही असं समजू नये. बहुतेक वेळा ती नोंद अजून लिहून व्हायची असते. अशा वेळी दुसऱ्या आवृत्तीकडे जायचं.

दुसऱ्या आवृत्तीत शोध घेणं हे वेगळंच काम आहे. तिथे ‘ज’ साठी इंग्रजी ‘डी’ आणि ‘जे’ अशी दोन अक्षरं जोडून लिहितात, ‘क़’ साठी ‘के’खाली टिंब आणि ‘च’ साठी ‘सी’वर छोटी खूण. तिसऱ्या आवृत्तीने हे बदलून ‘जे’, ‘क्यू’ आणि ‘सीएच’ घेतले. म्हणजे एकाच गावाचं नाव दोन आवृत्त्यांत दोन तऱ्हांनी टाइप करावं लागतं. टिंबं-रेघा गाळल्या तरी सहसा चालतं, पण अक्षरं गाळून चालत नाही. जंजिऱ्यासाठी सरळ ‘जे’पासून टाइप करून काही न मिळाल्यावर निराश होणारे पुष्कळ आहेत, नावातले दोन्ही ‘ज’ ‘डीजे’ने लिहून पाहा. शिवाय नोंदींची शीर्षकं अरबी आहेत. मशिदीची नोंद ‘मस्जिद’खाली, घटस्फोटाची ‘तलाक’खाली, भारताची ‘हिंद’खाली, सुधारणा चळवळींची ‘इस्लाह’खाली. इंग्रजी शब्दावरून यायचं असेल तर विषयसूची उघडावी.

आता पहिला प्रश्न. अरब प्रवासी चौलला ‘सैमूर’ म्हणतात, ठाण्याला ‘ताना’ आणि सोपाऱ्याला ‘सुबारा’. ही रूपं माहीत नसतील तर कुठल्याच परदेशी कोशात उत्तर कोकण सापडत नाही. सैमूर घालून संपूर्ण मजकुरात शोध घेतला की ब्रिलमध्ये धागे लागतात, पण ते वेगवेगळ्या नोंदींत विखुरलेले असतात. मसऊदीने सांगितलेलं चित्र एका जागी बसवण्याचं काम वाचकालाच करावं लागतं: सुमारे दहा हजार मुसलमान, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, त्यांच्याशिवाय इथेच जन्मलेले ‘बयासिरा’, आणि या सगळ्यांवर राजाने नेमलेला त्यांच्यातलाच एक प्रमुख, ‘हुनरमन’. शिलाहारांच्या अमलाखाली एका मुसलमान वस्तीला आपला प्रमुख मिळतो आणि त्याच्यामार्फत न्यायनिवाडा होतो, ही किनारपट्टीच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. मोठ्या कोशात ती ठळक नसणं ही खरी उणीव आहे.

हबशांबाबत मात्र ब्रिलला दाद दिली पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीच्या तिसऱ्या खंडातली, १९७१ ची ‘हबशी’ ही नोंद भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर आहे आणि बंगाल, गुजरात, दख्खन आणि जंजिऱ्याचे सिद्दी हे सगळे एकत्र घेते. मुरूडच्या विद्यार्थ्याने ही एक नोंद तरी वाचावीच. त्यानंतर गेल्या पन्नास वर्षांत हिंदी महासागरातल्या आफ्रिकी लोकांवर बरंच नवं काम झालं आहे, ते अर्थातच तिच्यात नाही.

इथेच एक सापळा आहे आणि त्यात प्राध्यापकही पडतात. दुसऱ्या आवृत्तीच्या ऑनलाइन नोंदीखाली ‘प्रथम ऑनलाइन प्रकाशन २०१२’ असं छापलेलं असतं. ते सगळ्या नोंदींना सरसकट आहे. त्यामुळे १९६० किंवा १९७१ साली लिहिलेला मजकूर संदर्भसूचीत ‘२०१२’ म्हणून जातो आणि परीक्षकाला वाटतं की हे ताजं संशोधन आहे. उपाय सोपा आहे: नोंद कोणत्या खंडात आहे ते पाहा आणि त्या खंडाचं वर्ष लिहा. पहिला खंड १९६०, दुसरा १९६५, तिसरा १९७१, चौथा १९७८, पाचवा १९८६, सहावा १९९१, सातवा १९९३, आठवा १९९५, नववा १९९७, दहावा २०००, अकरावा २००२, बारावा २००४. ही ओळ वहीत उतरवून ठेवावी. इंग्रजी वर्णक्रमात नोंद जितकी आधी, तितकी ती जुनी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हेच तिसऱ्या प्रश्नाला नडतं. ‘इस्लाह’ ही सुधारणा चळवळींवरची मोठी नोंद चौथ्या खंडात आहे. अरब देश, इराण, तुर्कस्तान, भारत-पाकिस्तान असे तिचे भाग आहेत. भारताचा भाग शाह वलीउल्लाह ते सर सय्यद अहमद अशा उत्तरेकडच्या वाटेने जातो. मिरजोळीत, चिपळूणला लागून असलेल्या गावात, जन्मलेल्या दलवाईंनी २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ते या चौकटीत बसत नाही. ही चौकट आलिमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, आणि विद्यापीठांच्या सुधारणेची आहे. रस्त्यावर उतरलेल्या बायका तिच्यात येत नाहीत. ‘तलाक’ची नोंद दहाव्या खंडातली, म्हणजे २००० ची, कायद्याची बाजू उत्तम मांडलेली आहे, पण २०१७ चा निकाल किंवा २०१९ चा कायदा तिच्यात शोधण्यात अर्थ नाही.

दराबद्दल: ब्रिल संस्थेच्या आकारावरून भाव ठरवतं आणि तो मागवून घ्यावा लागतो. लॉगिन नसेल तर नोंदीच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. छापील संच सेकंडहँड घेण्याचा मोह काही वाचनालयांना होतो. कोकणात तो टाळावा. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत गुळगुळीत कागदावरची चित्रांची पानं एकमेकांना चिकटतात, कसर बांधणीच्या खळीवर जाते, आणि १२ जाड खंड तळमजल्याच्या कपाटात असले तर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणमध्ये काय झालं ते आठवावं.

दुसरा कोश तुर्की. तुर्कस्तानच्या दियानत फाउंडेशनचा ‘इस्लाम आन्सिक्लोपेदिसी’: १९८८ ते २०१३ या काळात ४४ खंड, नंतर पुरवणी, आणि सगळा मजकूर इंटरनेटवर पूर्णपणे मोफत. नोंदणी नाही, लॉगिन नाही, पानांची मर्यादा नाही. आमच्या मते कोकणातल्या वाचकासाठी पहिला दरवाजा हाच. भाषा तुर्की असली तरी यंत्रभाषांतराने आता ती अडचण बरीच कमी झाली आहे, आणि प्रत्येक नोंदीखाली ती कोणत्या वर्षी, कोणत्या खंडात, कोणत्या पानांवर छापली गेली ते स्वच्छ लिहिलेलं असतं. ब्रिलच्या ‘२०१२’सारखी फसगत इथे होत नाही. मूळ छापील पानांची पीडीएफही उतरवता येते. ती जरूर उतरवावी. घाटाखाली पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो.

वापरताना काय करायचं ते सांगतो. तुर्की लिपीत ‘ज’ साठी ‘सी’, ‘च’ साठी शेपटीवाला ‘सी’, ‘श’ साठी शेपटीवाला ‘एस’. ‘ख’ वेगळा नाही, तो ‘एच’मध्येच मिसळतो, म्हणून ‘खान’ हा ‘हान’ असा शोधायचा. ‘व’ साठी ‘व्ही’. घराण्यांची नावं अनेकवचनी असतात: बहमनी ‘बेहमेनीलेर’, आदिलशाही ‘आदिलशाहीलेर’, निजामशाही ‘निझामशाहीलेर’. माहीमचे मखदूम अली महाइमी (१३७२–१४३१) कोकणातले सगळ्यात मोठे आलिम आणि कुराणाचे भाष्यकार; त्यांना ‘माहिमी’ने शोधू नका. अरबी ग्रंथांतलं रूप ‘महाइमी’, आणि तुर्कीत त्याचं ‘मेहाइमी’ होतं.

भाषांतरासाठी पान थेट मराठीत न करता आधी इंग्रजीत करावं. मराठीत येताना वाक्यं जास्त तुटतात आणि नावांची मोडतोड होते: ‘आदिल’चा ‘न्यायी’ आणि ‘मेलिक’चा ‘राजा’ कधी होईल सांगता येत नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. तुर्कीत तो, ती, ते या सगळ्यांना एकच सर्वनाम आहे. यंत्र त्याचा बहुधा ‘तो’ करतं. त्यामुळे एखाद्या राणीने बांधलेली मशीद किंवा एखाद्या विदुषीने दिलेला इजाजा (शिष्याला शिकवण्याची परवानगी) भाषांतरात पुरुषाच्या नावावर जमा होतो. स्त्रियांबद्दल काही शोधत असाल तर प्रत्येक वाक्याचा कर्ता मूळ तुर्कीत पाहून खात्री करून घ्या. नावात ‘हातून’, ‘बेगम’ किंवा ‘सुलतान’ शेवटी आलं की थांबून तपासावं.

दुसऱ्या प्रश्नाला, शाफई मजहबाच्या, सगळ्यात चांगली सुरुवात इथेच मिळते. शाफई मजहबाच्या स्वतंत्र नोंदीत तो कुठून कुठे पसरला याचा भूगोल आहे. तो नकाशा समोर ठेवला की कोकणचं कोडं सुटतं. येमेन आणि हद्रमौतच्या बंदरांतून निघालेली गलबतं ज्या किनाऱ्यांना लागली, ते बहुतेक शाफई झाले: पूर्व आफ्रिकेचा किनारा, मलबार, भटकळ, श्रीलंका, पुढे मलाया आणि इंडोनेशिया. कोकण याच माळेतला. घाटावर इस्लाम दिल्ली आणि मध्य आशियाकडून, जमिनीवरून आला आणि हनफी राहिला. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याच्या माणसाला कायद्याच्या बाबतीत औरंगाबादपेक्षा मलबार जवळचा का, हे एवढ्याने कळतं. भारतातल्या इस्लामवरचे बहुसंख्य लेख हनफी गृहीत धरून चालतात. कुठलाही कोश पारखताना ‘भारत’ या नोंदीत शाफई किनाऱ्याला किती ओळी दिल्या आहेत ते मोजावं. दिल्लीच्या गादीला दहा पानं आणि किनाऱ्याला दोन ओळी असतील तर त्या कोशाकडून कोकणची अपेक्षा ठेवू नये.

या तुर्की कोशाची बाजूही माहीत असावी. दियानत ही तुर्की शासनाची धर्मव्यवस्था आणि हे फाउंडेशन तिच्याशी जोडलेलं. कायदा आणि श्रद्धा यांवरच्या नोंदी सुन्नी चौकटीत, बहुतेकदा हनफी अंगाने लिहिलेल्या असतात. घराणी, शहरं, ग्रंथकार, हस्तलिखितं यांसाठी त्याच्यावर निर्धास्त टेकावं. आजच्या चळवळींसाठी टेकू नये. शेवटचा मुख्य खंड २०१३ चा, त्यामुळे अलीकडचं बरंचसं त्याच्याबाहेरच आहे.

‘एन्सायक्लोपीडिया इराणिका’ थोडक्यात. एहसान यारशातर यांनी कोलंबिया विद्यापीठातून उभा केलेला हा कोश ऑनलाइन मोफत आहे. आदिलशाही, बहमनी, दख्खन यांच्या नोंदी फार चांगल्या, कारण तिथले कवी, मुत्सद्दी आणि व्यापारी इराणहून दाभोळ-चौलमार्गेच येत होते. उच्चार फारसी असल्याने ‘आदिल’चा ‘आदेल’ होतो, त्या रूपाने शोधा. हा कोश वर्णक्रमाने छापत गेले. इंग्रजी ‘के’च्या पुढच्या अक्षरांवर नोंदी विरळ होत जातात. ‘एम’ किंवा ‘एस’पासून सुरू होणारं नाव मिळालं नाही तर नवल नको.

ज्यांचं शिक्षण उर्दू माध्यमात झालं आहे, आणि रत्नागिरी-रायगडात असे वाचक भरपूर आहेत, त्यांच्या हातात एक जास्तीचं साधन आहे: लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचा ‘उर्दू दाइरा-ए-मआरिफ-ए-इस्लामिया’. ब्रिलच्या पहिल्या आवृत्तीवर आधारलेला, पण बऱ्याच नोंदी नव्याने लिहिलेल्या. स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर मिळतात. नस्तालीक, म्हणजे उर्दूच्या वळणदार लिपीतल्या, स्कॅनमध्ये शब्द टाकून शोधता येत नाही. वर्णक्रम धरून पानं उलटावी लागतात. त्याला वेळ लागतो, पण यंत्रभाषांतराची गडबड इथे अजिबात नाही.

मराठी विश्वकोशाचं नाव घेतल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. वाईहून लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेला हा कोश २० खंडांचा आणि ऑनलाइन मोफत आहे. ‘इस्लाम धर्म’ यासारख्या नोंदी पारिभाषिक शब्दांसाठी तर अमूल्य आहेत. इंग्रजी संज्ञेला मराठीत काय म्हणायचं ते इथे पाहावं आणि तेच वापरावं. तपशिलासाठी मात्र तेवढ्यावर भागत नाही.

आता कोकणसाठी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कामाला येणारी गोष्ट: मुंबई इलाख्याची गॅझेटियर. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा, कुलाबा (आताचा रायगड) आणि जंजिऱ्याचा अकरावा १८८३ चा, ठाण्याचा तेरावा १८८२ चा. सगळे मोफत. अकराव्या खंडातलं चौलचं प्रकरण तळटीपांसकट वाचावं. सैमूरबद्दल अरब लेखकांनी काय म्हटलं ते तिथे एकत्र गोळा केलेलं आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर १८८३ च्या सरकारी ग्रंथात मिळतं आणि जगातला सगळ्यात मोठा कोश त्यासाठी दहा जागी फिरवतो. दोष अर्थात मोठे आहेत. जातीजमातींची वर्णनं साहेबी नजरेची आणि पुष्कळदा अपमानकारक आहेत. ती तशीच उचलून गावाच्या स्मरणिकेत छापू नयेत. स्कॅनमधून उचललेल्या मजकुरात आकड्यांच्या चुका असतात, विशेषतः ३ आणि ८ यांच्या. साल घेताना मूळ पानाचं चित्र पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सालांवरून आणखी एक इशारा. या विषयात इतक्या चुका दुसऱ्या कशाने होत नसतील. परदेशी कोशांत साल ‘३०४/९१६’ असं हिजरी आणि इसवी जोडून देतात. हिजरीवरून इसवी काढायचं ढोबळ गणित असं: हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. पण कोकणातल्या आदिलशाही आणि मराठेशाही कागदांत हिजरीपेक्षा शुहूर सनच जास्त भेटतो, आणि तो सौर आहे. मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शिवाय तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन अलफ’ म्हणजे एक, साठ, हजार: १०६१. त्यात ५९९-६०० मिळवले की १६६०-६१ येतं. हाच १०६१ हिजरी समजून इंटरनेटवरच्या कॅलेंडरमध्ये टाकला तर १६५०-५१ येतं, आणि सनद दहा वर्षं आधीची ठरते. एवढ्या फरकाने शिवकाळातल्या एखाद्या गावाचा धनी बदलतो. कोशातलं साल आणि घरच्या कागदातलं साल जुळेना, तर आधी हे तपासा.

तिसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण आजच्या तरुण वाचकांना तोच जास्त हवा असतो. चळवळींसाठी कोश हे साधन मुळातच अपुरं आहे. त्यातल्या त्यात उपयोगी ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ विमेन अँड इस्लामिक कल्चर्स’, २००३ ते २००७ मधले सहा खंड, सुआद जोसेफ यांच्या संपादनाखाली; प्रकाशक पुन्हा ब्रिलच. त्याची रचना वेगळी आहे. कुटुंब, कायदा, राजकीय-सामाजिक चळवळी असे विषय, आणि प्रत्येक विषयाखाली प्रदेशवार स्वतंत्र लेख. त्यामुळे दक्षिण आशियातल्या चळवळी इजिप्त किंवा मलेशियातल्या चळवळींशेजारी ठेवून वाचता येतात. सगळ्यांनी उचलावी अशी ही पद्धत आहे. १९६६ चा मुंबईतला मोर्चा एकटा पाहिला तर अपवाद वाटतो. जानेवारी २००७ मध्ये सुरू झालेलं भारतीय मुस्लिम महिला आंदोलन आणि २००९ मध्ये क्वालालंपूरला सुरू झालेली ‘मुसावा’ ही जागतिक चळवळ शेजारी ठेवली की त्यातला धागा आणि फरक दोन्ही कळतात. दलवाईंच्या मंडळाची मागणी धर्माबाहेरच्या समान कायद्याची होती. नंतरच्या संघटनांनी कुराणाचाच आधार घेऊन हक्क मागितले. आंतरराष्ट्रीय अभ्यासात आज मुख्य वाद याच भेदावर आहे, आणि कोकणातून निघालेला माणूस त्या वादाच्या एका टोकाला उभा आहे हे तिकडच्या अभ्यासकांना फारसं ठाऊक नसतं, कारण दलवाईंचं बहुतेक लेखन मराठीत आहे. म्हणून इथल्या विद्यार्थ्याला जागतिक पातळीवर सांगण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे.

२०१७ चा निकाल वर्तमानपत्रांतून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर तो पूर्ण आणि मोफत आहे. तीन विरुद्ध दोन असा तो निकाल; बहुमतातल्या न्यायमूर्तींची कारणंही एकसारखी नाहीत, त्यामुळे निकालपत्रातली तीनही मतं (बहुमताची दोन, अल्पमताचं एक) वेगवेगळी वाचावी लागतात. अरब देशांतल्या चळवळींसाठी, २०१०-११ च्या उठावांपासून पुढे, ‘मेरिप’ हे १९७१ पासूनचं नियतकालिक मोफत वाचता येतं आणि त्याची भाषा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल अशी आहे.

नियतकालिकांच्या लेखांसाठी जेस्टोर या ऑनलाइन संग्रहावर वैयक्तिक खातं काढावं. पैसे पडत नाहीत आणि ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवून मात्र घेता येत नाहीत, म्हणून टिपणं तिथल्या तिथे काढावीत. ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे जुने अंकही तिथे आहेत, मुस्लिम महिलांच्या प्रश्नावर शहाबानो निकालानंतर, म्हणजे १९८५ पासून, त्यात जी चर्चा झाली तिला तोड नाही.

केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना फार मोलाची आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी. कोकणातली बहुतेक महाविद्यालयं शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत, ती पहिल्या टप्प्यात येत नाहीत. आपलं महाविद्यालय त्यात आहे का हे ग्रंथपालाला विचारावं आणि नसेल तर जवळच्या सरकारी संस्थेत बसून वाचण्याची परवानगी मागावी. तिथे बसल्यावर एकापाठोपाठ पन्नास पीडीएफ उतरवण्याचा सपाटा लावू नये. प्रकाशकांची यंत्रणा असा वापर पकडते आणि साऱ्या संस्थेचा प्रवेश काही काळ बंद पडतो.

आखातातल्या व्यापारावर, खलाशांवर किंवा गुलामांच्या व्यापारावर काम करणाऱ्यांनी कतार डिजिटल लायब्ररी पाहावी. २०१४ पासून ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची आखाताविषयीची कागदपत्रं तिथे मोफत आहेत. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरची रेसिडेन्सी (ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी) १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, म्हणून त्या पत्रव्यवहारात मुंबई आणि किनाऱ्याचे उल्लेख भरपूर. शोधताना गावांची जुनी इंग्रजी रूपं द्यावीत.

ब्रिलच्या नोंदी पाहण्यासाठी मुंबईला जाणार असाल तर आधी फोन करून त्या ग्रंथालयात कोणती आवृत्ती आहे आणि बाहेरच्या वाचकाला दिवसाचा पास मिळतो का ते विचारा. रात्रीच्या कोकणकन्येने जाऊन एका दिवसात काम उरकायचं तर नोंदींची यादी घरूनच तयार हवी: शीर्षक दुसऱ्या आवृत्तीच्या स्पेलिंगमध्ये, खंड आणि खंडाचं वर्ष. ‘हबशी’, ‘हिंद’, ‘मस्जिद’मधला भारताचा भाग, ‘शाफिइय्या’, ‘इस्लाह’, ‘तलाक’ आणि ‘मराठा’ या सात नोंदींपासून सुरुवात करावी. प्रत्येक नोंदीच्या शेवटची ग्रंथसूची आधी उतरवून घ्या, मजकूर नंतर वाचा. मजकूर जुना झाला असला तरी त्या सूचीतले अरबी-फारसी मूळ ग्रंथ जुने होत नाहीत, आणि त्यांतले बरेच आता इंटरनेटवर सापडतात.